मदत हवी आहे: नववीच्या कलावर्गासाठी हाताने करायचे प्रकल्प कसे आखावेत?

नमस्कार मंडळी,

मी हायस्कूलला कला शिकवते. येत्या वर्षी नववीची ३६ मुलं माझ्याकडे आहेत. आठवड्याला ४० मिनिटांचे दोन तास, वर्गात एकच नळ, माती भाजायला भट्टी नाही. आजवर माझं वर्ष बहुतेक चित्र काढणं आणि रंगवणं यातच गेलं. दरवर्षी महिनाभरात वर्गाचे दोन भाग पडतात. ज्यांचा हात बरा आहे ती मुलं रमतात, बाकीची "मॅडम, मला चित्रकला येतच नाही" म्हणून वही मिटून बसतात. चौदाव्या वर्षी कुणी हे इतक्या ठामपणे म्हणावं, याचं मला फार वाईट वाटतं.

गेल्या वर्षी शेवटी थोडे तास उरले म्हणून लिनोचे (कोरून ठसे काढायच्या, रबरासारख्या मऊसर लादीचे) तुकडे आणले. वर्षभर वहीत समासाच्या रेघांपलीकडे काही न काढलेल्या एका मुलीने त्यावर एक पान कोरलं. शाई लावली, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासला आणि एक कोपरा धरून हळूहळू उचलला. शाई सुटताना जो बारीक चरचर आवाज येतो, तो ऐकून शेजारच्या दोघी वाकून बघायला लागल्या. पान सुरेख उठलं होतं, खाली कोरलेलं नाव मात्र उलटं. ती बघत राहिली आणि म्हणाली, "अजून एक तुकडा आहे का?" वर्षभरात तिने माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं. तेव्हाच ठरवलं की यंदा सुरुवातच अशा कामांनी करायची, जिथे हुबेहूब काढता येण्यावाचून कुणाचं अडणार नाही.

पहिलं सत्र रेषेचं ठेवलंय. कागदाकडे न बघता आणि पेन न उचलता समोरच्याचा चेहरा काढायचा. यात सगळ्यांचंच चित्र वेडंवाकडं येतं, त्यामुळे भीड चेपते. मग तीच रेषा मऊ तारेत वळवायची. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डरने १९२० च्या दशकात तारेतून चेहरे घडवले, त्यांचे फोटो दाखवीन. शेवटी टॉर्च लावून त्या तारेची भिंतीवर पडलेली सावली कागदावर उतरवायची. एकच रेषा तीन ठिकाणी भेटते. एवढा भाग मला पक्का जमल्यासारखा वाटतो.

पुढे छपाई, माती आणि जमल्यास सायनोटाइप (रसायन लावलेल्या कागदावर उन्हाने उठवायचे निळे ठसे) असं मनात आहे, पण तिथे अडलेय. साहित्य वाटण्यात आठ मिनिटं जातात, आवरण्यात दहा. मुलांचा हात बसतो न बसतो तोच घंटा होते. गेल्या वर्षी एका मुलाच्या अंगठ्याला कोरणी लागली. जखम लहान होती, पण मी वर्गाच्या दुसऱ्या टोकाला होते ही गोष्ट अजून मनातून जात नाही. मातीच्या कपांचे कान वाळताना गळून पडले. आणि गुण कशाला द्यायचे, हाही प्रश्न आहेच. ज्यांनी असे तास घेतलेत त्यांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद १

३६ जणांच्या हातात एकाच वेळी कोरणी देऊ नका. नऊ-नऊचे चार गट करा. कोरणारा गट एकाच टेबलावर आणि तुम्ही तिथून हलायचं नाही. बाकीचे तेवढ्या वेळात पुठ्ठ्याचे आकार चिकटवून ठशाची पाटी बनवतील किंवा आराखडे काढतील. त्यात धारदार काही लागत नाही आणि छापही झकास येतो.

अंगठ्याला का लागतं, तर लिनो घसरतो म्हणून मुलं दुसऱ्या हाताने तो समोरून धरतात. लाकडी फळीच्या एका कडेला वरून आणि विरुद्ध कडेला खालून पट्टी ठोका. खालची पट्टी टेबलाच्या काठाला अडते, वरच्या पट्टीला लिनो टेकतो, घसरायचा प्रश्नच उरत नाही. दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे. कोरण्याआधी लिनो जरा उन्हात ठेवा, गार लिनो कडक असतो आणि जोर लावावा लागतो. बोथट कोरणी तर धारदारपेक्षा धोक्याची, तीही जोर लावायला लावते. नाव सुलट हवं असेल तर ट्रेसिंग पेपरवर लिहून तो पालथा घालून गिरवायचा.

कान गळतात ते बहुधा कप आधी वाळलेला आणि कान ओला असल्यामुळे. दोन्ही सारखेच ओलसर असताना जोड खरवडून घ्या, पातळ कालवलेली माती लावून दाबा आणि दोनेक दिवस प्लास्टिकखाली सावकाश वाळू द्या. भट्टी नसेल तर कप करूच नका, न भाजलेली माती पाण्यात विरघळते. वर उठावदार नक्षी असलेल्या मातीच्या छोट्या फरशा करा. आणि माती वाळल्यावर टेबल झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. ती धूळ छातीला वाईट.

प्रतिसाद २

सायनोटाइप नक्की घ्या, तुमच्या ४० मिनिटांत चपखल बसतं. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने १८४२ मध्ये ही पद्धत शोधली आणि पुढच्याच वर्षी वनस्पतींची अभ्यासक ॲना ॲटकिन्सने समुद्री शैवालांचे ठसे याच पद्धतीने घ्यायला सुरुवात केली. मुलांना तिचे निळे कागद आधी दाखवा. रसायनं तुम्ही स्वतः हातमोजे घालून मिसळा, त्यांच्या जवळपास आम्ल नको, आणि ते मिश्रण आदल्या दिवशी अंधाऱ्या खोलीत कागदाला लावून वाळवा. तासाला दहा मिनिटं पानं-पिसं मांडायला, कडक ऊन असेल तर साधारण दहा-पंधरा मिनिटं उन्हात, मग पाण्यात धुवायचं. वेळ ठरवायला आधी त्याच कागदाची एक पट्टी उन्हात ठेवून टप्प्याटप्प्याने झाकून बघा. पाण्यात पिवळट-हिरवं निघून जातं आणि निळा वर येतो, तेव्हा सगळी मुलं बादलीभोवती गोळा होतात. नळ एकच आहे ना, मग दोन टब आधीच भरून ठेवा.

गुणांचं म्हणाल तर मी निम्मे गुण वहीला देतो. काय करून पाहिलं, कुठे बिघडलं, मग काय बदललं, एवढंच लिहायचं. बिघडलेला ठसाही वहीत चिकटवायचा, फेकायचा नाही.

मूळ लेखिका

दोघांचे मनापासून आभार. फळी आजच करायला सांगते आणि कपांऐवजी फरशाच घेते. वहीला निम्मे गुण हेही पटलं.

एकच विचारायचं राहिलं. ती मुलगी आता दहावीत जाईल, माझ्या वर्गात नसेल. काल येऊन विचारत होती की लिनो आणि कोरणी घरी नेऊ का. फळी सोबत दिली आणि घरच्यांशी आधी बोलले, तर पंधरा वर्षांच्या मुलीला कोरणी घरी द्यावी का? की मधल्या सुट्टीत माझ्यासमोरच बसवावं?