मदत हवी आहे: प्रो बोल आणि ऑल-प्रो, जास्त वजन कशाला द्यायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेकाने शाळेसाठी एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) मोठ्या खेळाडूंचा तक्ता करायला घेतलाय. काल जेवणाच्या टेबलावर चार्टपेपर पसरून पेन्सिलीने रकाने आखले आणि टॉम ब्रेडीपुढे लिहिलं: प्रो बोल 15, पहिल्या फळीत ऑल-प्रो 3. मग माझ्याकडे बघत म्हणाला, "आई, तीनदाच? मग खरा मान कुठला?"

मला इतकं कळलंय की असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा ऑल-प्रो, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंचा कागदावरचा संघ, पत्रकार निवडतात, आणि पूर्ण लीगमधून एकच पहिली फळी असते. प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या खास खेळाला लीगच्या दोन्ही कॉन्फरन्सचे (गटांचे) वेगवेगळे संघ, त्यात चाहते, खेळाडू आणि प्रशिक्षक तिघांचीही मतं. शिवाय सुपर बोल (अंतिम सामना) खेळणारे तिथे नसतात, काहीजण दुखापतीने गळतात, मग बदली खेळाडू येतात. 2022 च्या हंगामात क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) टायलर हंटली फक्त 2 टचडाऊन पासवर (गुण मिळवून देणारे पास) असाच आत आला. त्याची निवडही कारकिर्दीत पूर्ण एक म्हणूनच धरतात. मला हे पटत नाही. त्याउलट अ‍ॅरन डोनाल्ड: 10 हंगाम, 10 प्रो बोल, 8 वेळा पहिल्या फळीत. तिथे शंकाच उरत नाही.

तर, मूळ निवड आणि बदली निवड वेगळी दाखवणारी वर्षवार यादी कुठे मिळेल? आणि हॉल ऑफ फेमच्या (महान खेळाडूंना मिळणारा कायमचा मान) चर्चेत यातलं काय जास्त धरतात? तक्ता शुक्रवारी द्यायचाय, जाणकारांनी कृपया सांगा.