स्टॉकहोम पायी पायी: तुमची नेहमीची वाट कुठली?

मंडळी, इथे नवा आलेला माणूस पहिल्या नोव्हेंबरात जिमचे पैसे भरतो आणि मार्चपर्यंत तिकडे फिरकत नाही. चौदा बेटांवर वसलेल्या गावात येऊन खोलीतल्या पट्ट्यावर पळायचं, हे मला तरी पटत नाही. तेव्हा तुम्ही कुठल्या भागात चालता, पळता, पोहता ते लिहा. पर्यटकांची यादी नको, अंगवळणी पडलेलं सांगा.

सुरुवात मीच करतो. मी राहतो कुंग्सहोल्मेनवर. काठाकाठाने या बेटाला पूर्ण वळसा घातला की साधारण 10 किलोमीटर होतात. नगरभवनापासून पश्चिमेला निघा आणि पाणी कायम डाव्या हाताला ठेवा, नकाशा लागत नाही. वेस्तरब्रून पुलाच्या अलीकडे नुसती गर्दी, बागेत लोळणारे आणि सायकलवाले. पुढे फ्रेडहेलचे कातळ आले की खरी मजा. तिथे उन्हाळ्यात लोक खडकांवरून सरळ पाण्यात उतरतात.

सोदेरमाल्मचा भाडेकरू: तुमचं बेट सपाट हो! आमच्याकडे या, पोटऱ्या बोलायला लागतील. मोंटेलिउसवेगेन हा कड्यावरचा जेमतेम अर्ध्या किलोमीटरचा रस्ता, पण पाण्यापलीकडे अख्खं नगरभवन समोर दिसतं. तिथून स्लुसेनला उतरायचं आणि गामला स्तान म्हणजे जुन्या शहरात घुसायचं. तिथली मोर्टन त्रोत्सिग गल्ली सर्वात अरुंद जागी 90 सेंटिमीटर आहे, वर 36 पायऱ्या. समोरून कोणी आलं तर एकाने अंग चोरायचं. मी दोनदा चढउतार करतो, पर्यटक वेड्यात काढतात. काढोत.

हुस्बीत मुलाकडे आलेली आई: मी डोंबिवलीची. जून महिन्यात आले, रात्री दहाला लख्ख उजेड! झोपच येईना, म्हणून जेवण झालं की सुनेबरोबर शतपावली सुरू केली. घरामागेच यार्वाचं मोकळं रान. जरा पुढे अकाल्लाच्या जुन्या वाडीत लाल लाकडी घरं आहेत, मुंबईच्या माणसाला हे चित्रच वाटतं. वाटेत लाकडी ओंडक्यांची उघडी व्यायामशाळा लागते, पैसे नाहीत, कुलूप नाही. मी ओंडके उचलत नाही, नुसती धरून उठाबशा काढते. गुडघे कुरकुरतात, पण इथे रस्त्यात खड्डे नाहीत आणि गाडीवाला आपल्यासाठी थांबतो, त्यामुळे चालायची भीती गेली. एक तक्रार: बाहेर पडलं की बाथरूमची पंचाईत. मॉलमध्ये जावं तर तिथेही पैसे मागतात.

शिस्ता (Kista) उपनगरातला आयटीवाला: काकूंनी जून पाहिला, डिसेंबरात या म्हणावं. उजेड जेमतेम सहा तास, तोही आम्ही ऑफिसच्या खिडकीतून बघतो. यावर माझा उपाय म्हणजे मेट्रो. घरी जाताना निळ्या मार्गावर एखाद्या स्टेशनला मुद्दाम उतरतो. सोल्ना सेंत्रुमला छत लालभडक गुहेसारखं आणि खाली हिरवं जंगल रंगवलेलं, फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत बघायचं. वेस्त्रा स्कूगेनचा सरकता जिना प्रचंड लांब आहे, त्यावर उभं न राहता चढून दाखवा. साधं तिकीट 75 मिनिटं चालतं, तेवढ्यात उतरून परत बसता येतं. बाकी पळायला जंगलातल्या दिवे लावलेल्या वाटा आहेतच. बर्फावर बुटांना खिळ्यांची पट्टी लावा, हौस म्हणून नव्हे, मनगट वाचवायला.

हॉर्नस्तुलची पोहणारी: माझं ठिकाण लोंगहोल्मेन. 1975 पर्यंत इथे तुरुंग होता, आता त्याच कोठड्यांत पर्यटक पैसे मोजून झोपतात! बेट मुळात उघडं खडकाळ होतं, कैद्यांकडून गाळ आणवून त्यावर माती पसरली, म्हणून आज एवढी झाडं. मी पुलावरून चालत येते, छोट्या वाळूच्या किनाऱ्यावर डुंबते, ओल्या केसांनी घरी. जुलैतसुद्धा पहिल्या उडीला श्वास अडकतो, हे नव्यांनी लक्षात ठेवा. हळू उतरा, एकटे जाऊ नका.

आणि काकू, बाथरूमचं म्हणाल तर मोठी वाचनालयं गाठून पाहा. ऑक्टोबरपर्यंत थांबणार असाल तर सुनेकडून कोटाला लावायचा चमकता बिल्ला मागून घ्या. गाडीवाला थांबतो खरा, पण आधी त्याला तुम्ही दिसायला हव्यात.