आईच्या दाताला कॅप: झिरकोनिया घ्यावी की ईमॅक्स?

सातारची_मनू:
आईच्या खालच्या दाढेची आणि वरच्या पुढच्या एका दाताची रूट कॅनल झालीय, आता कॅप बसवायचीय. डॉक्टरांनी मेटल-सिरॅमिक, झिरकोनिया आणि ईमॅक्स अशी तीन नावं सांगितली, विचार करून कळवा म्हणाले. सगळ्या सिरॅमिकच ना, मग दोन्हीकडे एकच महागातली घेतली तर? पुढचा दात काळपट पडलाय.

कऱ्हाडकर:
माझी मेटल-सिरॅमिक होती, ९ वर्षं टिकली, पण हिरडी सरकली तशी कडेला काळी रेघ दिसायला लागली आणि शेवटी चणे खाताना वरच्या पोर्सिलेनचा टवका उडाला, आतला धातू उघडा. दाढेला झिरकोनियाच करा ताई.

लॅबवाला:
मी डेंटल लॅबमध्ये आहे. झिरकोनियात काच जवळपास नसतेच, नुसते घट्ट स्फटिक, आणि चीर पडायला लागली की तिच्या टोकाचे कण रूप बदलून फुगतात आणि चीर दाबून धरतात, म्हणून ताकद १००० मेगापास्कलच्या आसपास. ईमॅक्स म्हणजे लिथियम डायसिलिकेट, काचेत स्फटिक, ४०० च्या आसपास, जुनं पोर्सिलेन तर १०० पर्यंतच. पण काचेमुळेच उजेड आत शिरतो आणि दात जिवंत वाटतो. ईमॅक्सचा ब्लॉक, म्हणजे ज्यातून कॅप कोरतात तो ठोकळा, कापताना जांभळट-निळा असतो, भट्टीतून निघाला की दाताच्या रंगाचा, मी अजून दरवेळी बघत राहतो.
तुमची खरी अडचण काळपट दाताची. ईमॅक्स पातळ झाली तर तो काळेपणा वर दिसणार. तासलेल्या दाताचा फोटो लॅबला पाठवायला सांगा, मग कमी पारदर्शक ब्लॉक घेता येतो. शेड, म्हणजे कॅपसाठी दाताच्या रंगाची छटा, दिवसाउजेडी आणि दात तासायच्या आधी घ्यायला लावा, दात कोरडा पडला की आहे त्याहून पांढरा दिसतो.

दंतवैद्य_पुणे:
दादा बरोबर सांगतायत. एक भर घालते, झिरकोनियातही प्रकार आहेत, यिट्रिया (झिरकोनियात मिसळतात ते एक ऑक्साइड) जास्त असलेली जरा पारदर्शक असते पण ताकदीला कमी, दाढेला मिळणारी कुठली ते विचारा. आणि बसवताना चावा जुळवायला कॅप घासली तर तिथे परत नीट पॉलिश करून घ्या, खडबडीत झिरकोनिया समोरचा दात झिजवते. आई झोपेत दात खातात का?

सातारची_मनू:
हो खाते ना, रात्री करकर आवाज येतो, हे डॉक्टरांना सांगायचंच राहिलं होतं. दाढेला झिरकोनिया ठरवतेय, पुढच्या दाताचं फोटो लॅबला दाखवून मगच. खूप आभार सगळ्यांचे.