मदत हवी आहे: सरकारी खात्याने केलेल्या अपिलाबद्दल आमदार विधानसभेत विचारू शकतात का?

मंडळी, नमस्कार.

हवेली तालुक्यातली आमची दीड एकर जमीन रस्त्यासाठी गेली. प्रकरण १८९४ च्या भूसंपादन कायद्याखालचं, यावरून किती जुनं ते समजा. भूसंपादन अधिकाऱ्याच्या निवाड्यातला दर पटला नाही म्हणून वडिलांनी कलम १८ खाली रेफरन्स केला (म्हणजे मोबदला कोर्टाने ठरवावा अशी मागणी) आणि शिवाजीनगर कोर्टात मोबदला १४ लाखांनी वाढला. आईने वाड्यात पेढे वाटले. जरा घाईच झाली म्हणायची. कारण संबंधित खात्याने (नाव मुद्दाम लिहीत नाही) मुंबई उच्च न्यायालयात प्रथम अपील ठोकलं, तेही ९० दिवसांची मुदत टळून गेल्यावर, विलंबमाफीचा अर्ज जोडून. कारण काय, तर फाईल मंजुरीसाठी फिरत होती.

वडील ७८ वर्षांचे आहेत. ते म्हणतात, कोर्टाची पायरी आपण एकदाच चढलो, दुसऱ्यांदा फरफटत नेलं.

निकाल कोणाच्या बाजूने लागेल हे मी विचारत नाहीये, ते आमचे वकील बघतील. मला वेगळीच गोष्ट खटकते. वाढीव रकमेवर कलम २८ नुसार पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढे १५ टक्के व्याज आहे. १४ लाखांवर १५ टक्के म्हणजे वर्षाला २ लाख १० हजार. खातं हरलं तर हे पैसे अपील करायचं ठरवणाऱ्या साहेबांच्या खिशातून जाणार नाहीत, तुमच्या-माझ्या करातून जाणार. मग सही करताना कोणी हा हिशेब मांडला होता का? आणि हे विचारायचा हक्क कोणाला?

आमदारांच्या संपर्क कार्यालयात गेलो तर पीएने दोन मिनिटांत वाटेला लावलं. "काका, मॅटर न्यायप्रविष्ट आहे, साहेबांना बोलता येत नाही." हे खरं आहे का? सरकार स्वतः कोर्टात जातं त्यावर विधिमंडळाची काहीच नजर नसते? जाणकारांनी कृपया सांगावं.

– हवेलीकर

कसब्यातला_निवृत्त:
मंत्रालयात डेस्कवर बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो. पीए अर्धं खरं बोलला. न्यायालयापुढे असलेल्या बाबीवर प्रश्न स्वीकारला जात नाही, असा नियम आहे, आणि अंतिम निर्णय अध्यक्षांचा. पण हे बंधन खटल्याच्या गुणदोषांपुरतं. सरकार खटल्यांवर पैसा कसा घालवतं, हा विषय सभागृहाचाच.

प्रश्नातून तुमचं नाव, गट नंबर, अपील क्रमांक, सगळं काढा. असं लिहा: गेल्या ५ वर्षांत पुणे जिल्ह्यात वाढीव मोबदल्याविरुद्ध या खात्याने किती अपिलं केली, त्यातली किती मुदतीनंतर, किती फेटाळली गेली, आणि तेवढ्या काळात व्याजापोटी व वकिलांच्या फीपोटी किती रक्कम द्यावी लागली? तुमचं प्रकरण त्या आकड्यात आपोआप येतं, पण दिसत नाही. अतारांकितच (ज्याचं उत्तर फक्त लेखी येतं) टाकायला सांगा. लेखी उत्तरात तक्ता मिळतो, तारांकित (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) त्या दिवशी पुकारला गेलाच नाही तर उपप्रश्नांची संधीही जाते.

एक विचारतो, अपीलदार शासनाचं खातं आहे की महामंडळ?

हवेलीकर:
खातंच आहे, महामंडळ नाही. का हो, फरक पडतो?

कसब्यातला_निवृत्त:
पडतो ना. महामंडळ असतं तर विधिमंडळाच्या सार्वजनिक उपक्रम समितीचं दार. खात्याचा खर्च राज्याच्या एकत्रित निधीतून. गंमत बघा, कोर्टाच्या हुकूमनाम्याची रक्कम भागवायचा खर्च अनुच्छेद २०२ प्रमाणे 'भारित' असतो. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात दत्तमत (सभागृहाच्या मतदानाने मंजूर होणारा) आणि भारित असे वेगळे आकडे दिसतात ते याचसाठी. भारित खर्चावर सभागृह मतदान करत नाही, चर्चा मात्र करू शकतं. म्हणजे कपातीची धमकी नाही, पण तोंड उघडायला बंदीही नाही. दुर्दैवाने हे आकडे उघडून बघणारे आमदार फार थोडे. महालेखापालांच्या अहवालात अशी टाळता येण्यासारखी व्याजफेड आली, तर लोकलेखा समिती (सरकारी खर्च तपासणारी आमदारांची समिती) सचिवांना बोलावून विचारते.

मुठाकाठ:
काका, तत्त्व छान आहे, पण उत्तर येणार "माहिती संकलित करण्यात येत आहे". त्याआधी माहिती अधिकार टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत (आपल्या राज्याचा नियमच आहे). प्रकरण न्यायप्रविष्ट आहे एवढ्यावरून नकार देता येत नाही; कलम ८(१)(ख) मध्ये कोर्टाने स्पष्ट मनाई केली असेल किंवा माहिती दिल्याने कोर्टाचा अवमान होत असेल तरच. वकिलांचा अभिप्राय मागू नका, तिथे आडकाठी करतील. अपिलाला मंजुरी कोणी, कोणत्या तारखेला दिली आणि फी किती झाली, एवढंच मागा. हातात कागद असला की पीएचा सूर बदलतो, हा अनुभव.

काळा_कोट:
विषयांतर, पण कामाचं. विलंबमाफीला विरोध नोंदवा. टपाल खात्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच म्हटलंय की फाईल फिरत होती, ही सबब सरकारलाही आपोआप चालत नाही. आणि वडिलांचं वय बघता, खात्याला रक्कम कोर्टात भरायला लावून ती काढून घेण्याचा अर्ज करता येईल का, हे आपल्या वकिलांना विचारा.

हवेलीकर:
सगळ्यांचे आभार. अर्जात १५० शब्द बसवताना आमचा निम्मा इतिहास गळाला, वडील जरा नाराज आहेत. प्रश्नाचा मसुदा टाईप करून घेतलाय, सोमवारी पीएच्या टेबलावर ठेवतो. निवृत्तकाका, 'भारित'चे आकडे कोणत्या पुस्तकात शोधायचे, तेवढं सांगाल का?