एसपीजी बंद करा म्हणणाऱ्यांनी 1984 आणि 1991 आठवावं

खडकवासला (धागाकर्ता)

परवापासून एक पोस्ट फिरतेय. म्हणणं असं: एका माणसासाठी तीन हजारांच्या आसपास जवान आणि वर्षाला शेकडो कोटी ही निव्वळ चैन आहे. एसपीजी, म्हणजे पंतप्रधानांच्या सुरक्षेसाठीचा खास स्पेशल प्रोटेक्शन ग्रुप, बरखास्त करा, पंतप्रधानांची सुरक्षा दिल्ली पोलिसांकडे द्या, काम भागेल. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय.

दिल्ली पोलिसांकडेच होती ती सुरक्षा! 31 ऑक्टोबर 1984 ला सफदरजंग रोडवरच्या घरातून शेजारच्या अकबर रोडच्या कार्यालयात चालत जाताना इंदिराबाईंना ज्यांनी गोळ्या घातल्या, ते दोघं तिथेच पहाऱ्यावर होते आणि दिल्ली पोलिसांचेच होते. ब्लू स्टारनंतर, म्हणजे सुवर्णमंदिरातल्या लष्करी कारवाईनंतर, धोका आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. शीख पहारेकऱ्यांना बदलायचा विषय निघाला, तो बाईंनी स्वतः मोडून काढला. दारात अँब्युलन्स होती, पण चालक जागेवर नव्हता. शेवटी अँबेसिडरमध्ये घालून एम्सला नेलं. पहाऱ्यावर कोण, आत कुणाला सोडायचं, गाडीत कोण बसेल, दवाखान्यात कुणाला फोन करायचा, या सगळ्याला उत्तरदायी असा एक माणूस तेव्हा नव्हता. त्यानंतर नेमलेल्या बिरबल नाथ समितीने हेच हेरलं आणि एप्रिल 1985 मध्ये एसपीजी उभी राहिली. कायदा आला 1988 मध्ये.

आता दुसरा धडा. 1989 ला सरकार बदललं. कायद्यात माजी पंतप्रधानांचा उल्लेख नव्हता, म्हणून राजीव गांधींचं एसपीजी कवच काढलं. 21 मे 1991, श्रीपेरुंबुदूर. पुढचं सांगायला नको. त्यानंतर घाईघाईने कायदा दुरुस्त करून माजी पंतप्रधानांना आणि कुटुंबाला कवच दिलं. माणूस गेल्यावर!

1985 पासून आजतागायत एसपीजीच्या कवचात असलेला एकही माणूस मारला गेलेला नाही. हे काम डोळ्यांना दिसत नाही म्हणून ते फुकटचं वाटतं. ज्यांना बंद करायचंय त्यांनी पर्याय सांगावा.

हिशेबनीस

पर्याय नंतर, आधी हिशेब. 2019 च्या दुरुस्तीनंतर कवचाखाली एकच व्यक्ती उरली. त्याआधी चार होत्या. खर्च कमी व्हायला हवा की नको? 2019-20 ला 540 कोटी होते, 2020-21 ला 592 कोटी केले. दिवसाला 1 कोटी 62 लाख. चारावरून एकावर आल्यावर वाढ का, याचं समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेलं नाही. तुमच्या इतिहासाबद्दल वाद नाही. पण इतिहास सांगितला की आकडा विचारायचा नाही, असं नसतं.

आणि "एकही माणूस मारला गेला नाही" हे जरा जपून वापरा. 2 ऑक्टोबर 1986 ला राजघाटावर बंदूकवाला झाडीत लपून बसला होता आणि त्याने राजीव गांधींवर गोळ्या झाडल्या. एसपीजी तेव्हा होती. गांधी जयंतीला पंतप्रधान राजघाटावर येणार हे शेंबडं पोरही सांगेल, आणि तरी झाडी तपासली गेली नाही.

खडकवासला

राजघाटचं मान्य. ती चूकच होती, आणि त्यानंतर जागा आधी जाऊन तपासण्याची पद्धत कितीतरी कडक झाली. पण आकडे द्यायचे तर पुढचेही द्या. 2022-23 ला तरतूद 385 कोटी 95 लाख होती. फुगलेलं वर्ष उचलायचं आणि उतरलेलं गाळायचं, याला हिशेब म्हणत नाहीत.

हिशेबनीस

उतरलं हे बरं झालं. म्हणजे आधी जास्त होतं हे तुम्हीच सिद्ध केलंत.

वाटसरू

दोघेही पैशांत अडकलात. खरा प्रश्न वेगळा आहे. धोका किती हे ठरवतो कोण? गृह मंत्रालय. गृह मंत्रालय कुणाचं? सत्तेत असेल त्याचं. 1989 ला राजीव गांधींचं कवच गेलं तेव्हा सत्तेत विरोधक. 2019 मध्ये ऑगस्टला मनमोहन सिंगांचं गेलं, नोव्हेंबरला सोनिया, राहुल, प्रियांका यांचं गेलं, तेव्हाही सत्तेत विरोधक. आधी कवच काढलं आणि मग संसदेत कायदा बदलला. हा क्रम कुणाला खटकत नाही?

ज्या घरातले दोन जण मारले गेले, त्या घराला धोका आहे की नाही हे त्यांचे राजकीय विरोधक ठरवणार, हे मला पटत नाही. माझा त्या पक्षाशी काडीचा संबंध नाही, उगाच शिक्के मारायला येऊ नका.

साताराकर

शिक्का मारत नाही, पण अर्धवट सांगू नका. गृहमंत्री अमित शहा लोकसभेत म्हणाले की सुरक्षा काढलेली नाही, बदलली आहे. सीआरपीएफची झेड प्लस दिली, म्हणजे कुणाला उघड्यावर सोडलं नाही. आणि कायदा काय म्हणतो? पंतप्रधान आणि त्यांच्यासोबत सरकारी निवासात राहणारं जवळचं कुटुंब. पायउतार झाल्यावर पाच वर्षं. उद्या हेच आजच्या पंतप्रधानांनाही लागू होणार. मुळात संस्था निघाली ती पंतप्रधान या पदासाठी. 1991 नंतर प्रत्येक दुरुस्तीत ती घराण्यांकडे सरकत गेली. 2003 ला मुदत दहा वर्षांवरून एक वर्षावर आणली, त्यापुढे धोक्याचा आढावा. आढावा म्हणजे पुन्हा मर्जी. 2019 ने निदान रेघ मारली.

वाटसरू

रेघ तारखेवर मारली, धोक्यावर नाही. मारेकरी पाच वर्षं मोजून थांबत नाही. ब्लू स्टारच्या वेळचे जनरल वैद्य जानेवारी 1986 मध्ये लष्करप्रमुखपदावरून निवृत्त झाले आणि ऑगस्टमध्ये पुण्यात भर रस्त्यात त्यांना मारलं. स्वतः गाडी चालवत होते. पद गेलं, धोका पदाबरोबर गेला नाही. पुण्याच्या माणसांना तरी हे सांगावं लागू नये.

मुक्ता

तुम्ही सगळे ज्यांना कवच आहे त्यांच्याबद्दल बोलताय. कवचाच्या बाहेर उभ्या असलेल्यांचं काय?

आईचं डायलिसिस ठरलेल्या वाराला असायचं. एकदा निघालो आणि चौकात अडकलो, कुणाचा तरी ताफा जाणार होता. रिक्षात आई घामाने डबडबलेली. मी हवालदाराला फाइल दाखवली, पाया पडायची बाकी होते. तो म्हणाला, "ताई, मला वरून ऑर्डर आहे." ताफा गेला कधी? बराच वेळ रस्ता रिकामाच होता! रिकाम्या रस्त्याकडे बघत थांबलो आम्ही. पुढे सेंटरवर आमचा नंबर गेला तो गेलाच.

2009 ला चंदीगडच्या पीजीआयमध्ये पंतप्रधान आले असताना फाटकं बंद होती आणि मूत्रपिंडाचा एक रुग्ण वेळेत आत पोहोचू शकला नाही, गेला. मनमोहन सिंगांनी कुटुंबाकडे दुःख व्यक्त केलं. चांगला माणूस होता म्हणून केलं. पण नियम बदलला का? रस्ता किती वेळ बंद ठेवायचा याची मर्यादा कुठल्या कागदावर आहे ते दाखवा, मग मी तुमच्या एसपीजीचं कौतुक करते.

साताराकर

ताई, आईचं वाचून वाईट वाटलं. पण तो ताफा पंतप्रधानांचा होता का? नसणार. मंत्री-संत्री जातात तेव्हा एसपीजीचा काही संबंध नसतो. राज्य पोलिसांचं काम ते. एसपीजीवर राग काढून काय मिळणार?

मुक्ता

रस्त्यावर थांबलेल्या माणसाला पाटी वाचायला देत नाहीत, कुठल्या संस्थेचा ताफा आहे ते. आणि "नसणार" म्हणजे काय? तुम्ही होतात का तिथे?

साताराकर

मी नव्हतो. माझे वडील असायचे, दोरीच्या त्या बाजूला. फिक्स पॉइंट म्हणजे काय ते माहिती आहे का? पहाटे अंधारात गाडी येऊन सोडून जाते आणि दौरा आटपेपर्यंत पॉइंट सोडायचा नाही. आदल्या दिवशी ताफ्याची रंगीत तालीम, तेव्हाही उभं राहायचं. जेवणाची पाकिटं वेळेवर आली तर नशीब. महिला शिपायांना जवळपास बाथरूमसुद्धा नसतं, त्या पाणी प्यायचं टाळतात. साप्ताहिक सुट्टी रद्द, रजा रद्द. तुमच्या त्या हवालदाराने रिक्षा सोडली असती आणि काही घडलं असतं तर त्याच संध्याकाळी तो निलंबित. शिव्या मात्र दोन्हीकडून त्यालाच.

मुक्ता

मी हवालदाराला शिव्या दिल्या असं कुठे लिहिलंय ते दाखवा. शब्द तोंडात घालू नका. तो बिचारा आणि माझी आई, दोघेही एकाच व्यवस्थेखाली चिरडले गेले, एवढंच म्हणतेय. आणि तुम्ही मला नोकरीचा त्रास सांगताय, मी माणसाच्या जिवाबद्दल बोलतेय!

डोंगरवाट

लाल दिवे 1 मे 2017 पासून बंद केले तेव्हा केवढा गाजावाजा. दिवा गेला, ताफा राहिला, सायरन राहिला. आमच्या तालुक्यात कुठलंही पद नसलेल्या माणसामागे बंदूकधारी पोलीस फिरतो आणि ठाण्यात तक्रार लिहून घ्यायला माणूस नसतो. सत्तांतर झालं की आमदारांची सुरक्षा वाढते किंवा कमी होते, हे तर महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत उघड पाहिलं. सुरक्षा ही मानाची गोष्ट झालीय. मूळ दुखणं हे आहे.

हिशेबनीस

+१. आणि ज्याला खरा धोका आहे तो एका शिपायावर भागवतो. 12 ऑक्टोबर 2024 ला वांद्र्यात बाबा सिद्दीकींसोबत पोलीस होता. तरी गोळ्या लागल्याच.

खडकवासला

धागा कुठून कुठे गेला. तरी मुक्ताताईंना उत्तर देतो, कारण त्यांचा प्रश्न टाळण्यासारखा नाही.

एसपीजीचं काम आतल्या वर्तुळाचं. रस्ता, गर्दी, गच्च्या, बाहेरचं कडं ही जबाबदारी राज्य पोलिसांची. एसपीजीचे अधिकारी आधी येतात, राज्य पोलीस, गुप्तचर विभाग आणि जिल्हा प्रशासनासोबत बसतात, मिनिटामिनिटाचा आराखडा ठरतो. या दोघांतला सांधा निखळला की काय होतं ते 5 जानेवारी 2022 ला पंजाबात दिसलं. हवामान खराब म्हणून हेलिकॉप्टर रद्द करून पंतप्रधान भटिंड्याहून हुसैनीवालाकडे रस्त्याने निघाले आणि फिरोजपूरजवळ उड्डाणपुलावर ताफा 15-20 मिनिटं अडकला. सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या न्या. इंदू मल्होत्रा समितीने पुरेसं बळ असूनही जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांनी कर्तव्य बजावलं नाही असं म्हटलं. लोक मात्र "एसपीजी झोपली होती का" म्हणत बसले.

रस्ता किती वेळ अडवायचा याला जाहीर मर्यादा हवी आणि अँब्युलन्सला, डायलिसिसच्या रिक्षालासुद्धा, वाट मिळायलाच हवी, हे मला पूर्ण मान्य. पण ती मागणी राज्याच्या गृह विभागाकडे करा. एसपीजी बरखास्त करून चौकातली दोरी सुटणार नाही.

मुक्ता

दोरी कुणाच्या सांगण्यावरून बांधतात? आराखडा ठरवताना तुमचेच एसपीजीवाले बसतात असं तुम्हीच वर लिहिलंत. मग त्या बैठकीत जिल्हा शल्यचिकित्सकही बोलवा, आणि कुठला रस्ता किती वाजता मोकळा होईल ते आदल्या दिवशी छापून द्या. एवढं झालं तर माझा एसपीजीला विरोध नाही. तोवर आहे.

वाटसरू

माझ्या प्रश्नाला अजून कुणी हात लावलेला नाही. धोक्याचा आढावा सत्तेबाहेरच्या माणसांनी घ्यावा की नाही? निवृत्त न्यायाधीश, विरोधी पक्षनेता, गुप्तचर विभागाचा माणूस, अशी समिती का नको?

साताराकर

समितीत गेलं की कागद फुटणार. कुणाला कुठून धोका आहे हे जितक्या कमी लोकांना माहीत तितकं बरं.

विरोधी पक्षनेत्याला नुसता शेवटचा निर्णय दाखवून सही घ्यायची असेल तर एक वेळ चालेल. तेही फक्त माजी पंतप्रधानांपुरतं. आमदारांची यादी घेऊन येऊ नका.

वाटसरू

सही घ्यायची तर कारण दाखवावं लागेल. कारण न बघता सही करणारा विरोधी पक्षनेता काय कामाचा?