मदत हवी आहे: प्रश्नावलीतील उत्तर आणि प्रत्यक्ष वर्तन यांची सांगड कशी घालावी?

नमस्कार. मी मानसशास्त्रात एम.ए. करीत असून, दुचाकीस्वारांची हेल्मेटविषयीची अभिवृत्ती आणि त्यांचे प्रत्यक्ष वर्तन यांतील अंतर हा माझ्या लघुप्रबंधाचा विषय आहे. प्रेरणा अर्थातच अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापियर यांच्या १९३४ च्या अभ्यासाची. त्यांच्यासोबत अमेरिकेत फिरणाऱ्या चिनी दांपत्याला हॉटेले, उपाहारगृहे अशा २५१ ठिकाणांपैकी एकाच ठिकाणी नकार मिळाला. नंतर पत्राने विचारले असता, उत्तर देणाऱ्या १२८ पैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांनी मात्र चिनी ग्राहक स्वीकारणार नाही असे कळवले. परंतु पत्राला उत्तर देणारी आणि प्रत्यक्ष सेवा देणारी व्यक्ती एकच होती का, याची खात्री नव्हती, हा त्यावरील रास्त आक्षेप आहे.

माझे घोडे नेमके तिथेच अडले आहे. पूर्वचाचणीत 'नेहमी वापरतो' असे लिहिणारे पुष्कळ होते. महाविद्यालयाच्या फाटकाशी उभे राहिल्यावर मात्र अनेकांचे हेल्मेट कोपरात लटकलेले दिसले. गाडीच्या क्रमांकावरून जोड्या लावल्यास अनामिकता राहत नाही, आणि संमती आधी घेतल्यास निरीक्षणाच्या दिवशी सगळेच शहाण्यासारखे वागतील. निरीक्षणानंतर माहिती देऊन संमती घेणे नीतिसमितीला मान्य होते का? शिवाय, हेल्मेट डोक्यावर असून पट्टा न लावलेल्यांसाठी स्वतंत्र वर्ग करावा का? याच नोंदींवर आम्हा दोन निरीक्षकांचे सर्वाधिक मतभेद झाले, त्यामुळे कोहेनचा कप्पा (दोन निरीक्षकांच्या नोंदी कितपत जुळतात याचे माप) घसरला आहे. क्षेत्रीय निरीक्षणाचा अनुभव असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.