लाकडी पाइप घडवायचाय : पहिला खर्च लेथवर करू का?

दांडियाबाजारकर
निवृत्तीनंतर हाताला उद्योग हवा म्हणून तंबाखूचा लाकडी पाइप घडवून बघायचंय. (ओढणारा मी नाही, मेहुणे.) घरात करवत, पटाशी, हँडड्रिल आहे. माझा कल छोट्या लेथकडे (लाकूड फिरवत कातायचं यंत्र) आहे. संखेड्याचे खरादी (लेथवर लाकूड कातून लाखेने रंगवणारे कारागीर) बडोद्याच्या इतक्या जवळ असताना लेथ शिकू नये म्हणजे काय! मतं द्या.

कानसवाला
लेथ नको. पाइप गोल दिसतो, पण बाउलचा (तंबाखू भरायची वाटी) अक्ष वेगळा आणि दांड्याचा वेगळा. ठोकळा दोनदा, दोन दिशांनी पकडावा लागतो आणि त्यासाठी खास जबड्यांचा चक (ठोकळा पकडणारा भाग) लागतो. तिरका ठोकळा फिरताना सुटला तर थेट तोंडावर. आधीच भोकं पाडलेला, स्टेम (तोंडात धरायची नळी) बसवलेला ब्रायर लाकडाचा ठोकळा मिळतो, तो मागवा. कोपिंग सॉ (वळणं कापायची बारीक पात्याची करवत), एक अर्धगोल कानस, एक बारीक गोल कानस, 80 पासून 600 पर्यंतचे पॉलिश पेपर. पहिल्या पाइपला एवढं पुरतं.

मकरपुरा मिस्त्री
ह्या म्हणजे आयत्या पिठावर रेघोट्या! पाइपचं मर्म भोकांतच आहे. बाउल साधारण 19-20 मिमी, हवेचं भोक 4 मिमीच्या आसपास, आणि ते नेमकं बाउलच्या तळाशी उघडायला हवं. वर उघडलं तर तळाची तंबाखू ओली राहते, जळत नाही. हँडड्रिलने हा नेम कोण साधणार? पहिला पैसा बेंच ड्रिलवर (टेबलावर बसवायचं उभं ड्रिल) टाका. आणि भोकं आधी, आकार नंतर, कारण चौकोनी आहे तोवरच ठोकळा वाईसमध्ये नीट बसतो. लेथ नको, हे मात्र मान्य.

कानसवाला
छोट्या बेंच ड्रिलचं बिट एका दमात बहुधा 50 मिमीच उतरतं. दांड्याच्या टोकापासून बाउलपर्यंत त्याहून लांब जावं लागतं, त्याचं काय?

मकरपुरा मिस्त्री
जाईल तितकं जाऊ द्या, मशीन बंद करा, बिट भोकातच ठेवून टेबल वर घ्या, पुढे चालवा. यात अडलं काय?

रावपुऱ्याची सून
तंबाखूसाठी एवढा खटाटोप? लाटणी करा, घरात उपयोग तरी होईल. बरं, करायचाच असेल तर लाकडाचं बघा. ब्रायर म्हणजे भूमध्य सागराकाठच्या एका झुडपाच्या मुळाची गाठ, ती आच सोसते. इथे सहज मिळतं म्हणून शिसम घेऊ नका, त्याची धूळ कित्येकांना सोसत नाही. ब्रायरलासुद्धा मास्क लावाच. आणि संखेड्यासारखा लाखेचा जाड थर पाइपवर नको, गरम झाला की फुगेल. बाहेरून कार्नोबा मेण, आतून काहीच नाही.

दांडियाबाजारकर
लेथ बाद. पण ड्रिलही का घ्यावं? मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहत) ओळखीचं वर्कशॉप आहे, तिथून भोकं पाडून आणतो. कानसकाम घरी.

कानसवाला
हे बरोबर.

मकरपुरा मिस्त्री
अजिबात नाही. तिथला माणूस साधं बिट लावेल आणि तळ शंकूसारखा टोकदार करून देईल. बाउलचा तळ गोल हवा, त्यासाठी लाकडाचं चपटं बिट घासून गोल करावं लागतं. ते त्याच्या मशीनवर मिळणार नाही.

दांडियाबाजारकर
मग बिट मी घेऊन जातो. घासून कोण देईल?

मकरपुरा मिस्त्री
तुम्हीच. पत्र्याचं टेम्प्लेट कापा, बेंच ग्राइंडरवर दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या घासा. एक बाजू जरा कमी झाली तरी 19 चं भोक मोठं पडतं. आधी भंगार लाकडात पाडून व्हर्नियरने मापा, मगच ब्रायरला हात लावा.